कॉम्प्युटरलाही ऊन लागतं



आज बोलूया आपल्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरबद्दल. हप्त्यांच्या नोंदी, कर्जाची खाती, ठराव, सगळं आता त्याच्यावरच असतं. तो बंद पडला की काम अडतं, आणि बोल लागतो तो त्याच्यासमोर बसलेल्या मुलीला.

मागच्या एप्रिलात आमच्याकडे हेच झालं. सकाळी कॉम्प्युटर नीट चालायचा. दुपारी एकच्या सुमारास नोंदी करता करता अचानक बंद व्हायचा. लगेच चालू केला तर पाच मिनिटांत पुन्हा बंद. अर्धा तास थांबलं की परत चालू. बैठकीत बायका म्हणाल्या, "हिला जमत नाही, हिनेच काहीतरी दाबलं असेल." ती बिचारी रडकुंडीला आली. दुरुस्तीवाल्याने सांगितलं, प्रोसेसर गेला, साडेसहा हजार लागतील.

महिन्याला शंभर रुपये बचत करणाऱ्या बाईची ही पाच वर्षांहून जास्त बचत झाली. म्हणून मंजुरी देण्याआधी आम्ही दुसऱ्या जाणकाराला बोलावलं. त्याने डबा उघडला. आमच्या ऑफिसला लागूनच डाळमिल आहे. तुरीच्या टरफलाचा बारीक भुगा आतल्या पंख्याखाली जाड थर करून बसला होता. प्रोसेसर ठणठणीत होता. त्याला ऊन लागलं होतं, एवढंच.

आता हे समजून घेऊ. ज्या डब्याला आपण सीपीयू म्हणतो, त्याच्या आत प्रोसेसर नावाचा एक लहान तुकडा असतो. सगळी आकडेमोड तोच करतो. ऑफिसच्या साध्या कॉम्प्युटरमध्ये तो जोरात काम करताना ६५ वॅटच्या आसपास वीज घेतो. पूर्वीचा ६० वॅटचा पिवळा बल्ब आठवा, हात लावला की चटका बसायचा. तेवढीच उष्णता इथे अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत तयार होते. ती बाहेर काढली नाही, तर प्रोसेसर काही सेकंदांत तापतो.

ती बाहेर काढायला तीन गोष्टी असतात. पहिली, प्रोसेसरवर बसवलेला ॲल्युमिनियमच्या पातळ पातळ पात्यांचा ठोकळा. त्याला हीट सिंक म्हणतात. गरम चहा आपण बशीत ओततो, कारण पसरला की लवकर निवतो. तसंच इथे उष्णता पात्यांवर पसरते. दुसरी, पंखा. तो पात्यांमधली गरम हवा हलवतो. तिसरी, प्रोसेसर आणि ठोकळा यांच्यामध्ये लावलेली पेस्ट. वाकड्या बुडाचं भांडं हॉटप्लेटवर ठेवलं तर नीट तापत नाही, कारण मध्ये हवा राहते. ती फट पेस्ट भरून काढते. काही वर्षांनी पेस्ट वाळते, तडकते, आणि उष्णता पुढे जात नाही.

आणि धूळ? गोधडी आपल्याला ऊब देते, कारण ती अंगाची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. पात्यांवर बसलेली धूळ म्हणजे प्रोसेसरवर पांघरलेली गोधडी. पंखा फिरत राहतो, पण हवा जातच नाही.

मग किती तापमान चालतं? काही काम नसताना प्रोसेसर साधारण ३५ ते ५० अंशांवर असतो. काम चालू असताना ६० ते ७५ पर्यंत गेला तरी काळजी नाही. सारखा ८५ च्या वर राहत असेल तर साफसफाईची वेळ झाली समजा. बऱ्याच प्रोसेसरची शेवटची मर्यादा ९५ ते १०० अंश असते. तिथे पोचला की तो स्वतःच वेग कमी करतो. तरीही भागलं नाही, तर कॉम्प्युटर बंद होतो. दुपारच्या उन्हात खुरपणारी बाई आधी हात सावकाश चालवते, मग बांधावरच्या निंबाखाली बसते. ते कामचुकारपण नसतं, जीव वाचवणं असतं. हेही तसंच.

उन्हाळ्यातच हे का होतं? कारण पंखा थंडी तयार करत नाही, खोलीतली हवाच आत फिरवतो. हिवाळ्यात खोली २५ अंश आणि प्रोसेसर ६० असेल, तर तेच काम उन्हाळ्यात ४२ अंशांच्या खोलीत केल्यावर तो ७७ च्या आसपास जाईल. त्यात धूळ असली की गेलाच वर.

खरं तापमान पाहायचं असेल तर 'कोअर टेंप' नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, ते आकडा दाखवतं. तो आकडा सकाळी आणि दुपारी वहीत लिहून ठेवा. दुरुस्तीवाल्याशी बोलताना आपल्या हातात काहीतरी असतं. पण एक लक्षात घ्या: सकाळी गारव्यातही कॉम्प्युटर बंद पडत असेल, तर कारण दुसरं असू शकतं. वीज, यूपीएस, वायर, हे आधी तपासा.

आता साफसफाई. कॉम्प्युटर बंद करा, प्लग काढा, मग चालू करायचं बटण पाच-सात सेकंद दाबून धरा. बाजूचं झाकण उघडा. आत हात घालण्याआधी डब्याच्या लोखंडी भागाला हात लावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाते. मऊ, कोरड्या ब्रशने किंवा हवेच्या ब्लोअरने धूळ उडवा. तेव्हा पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका. ओलं फडकं अजिबात नको. जिथे विजेची वायर येते तो पॉवर सप्लायचा पेटीसारखा भाग कधीच उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली असते.

पेस्ट बदलायचं काम मात्र जाणकाराकडूनच करून घ्या, समोर उभं राहून. जुनी पेस्ट पूर्ण पुसायची आणि नवी तुरीच्या दाण्याएवढीच लावायची. जास्त लावून फायदा नाही.

रोजच्या सवयीही बदला. डबा जमिनीवर ठेवू नका, झाडताना सगळी धूळ आत जाते. भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा. टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबू नका. काम चालू असताना त्याच्यावर विणलेला रुमाल घालू नका, कितीही सुंदर असला तरी! कूलरची दमट हवा थेट त्याच्यावर सोडू नका. जमलं तर जड काम सकाळी उरका आणि दर थोड्या वेळाने सेव्ह करत जा. साफसफाई तीन-चार महिन्यांनी करा, आणि होळीच्या आधी एकदा नक्कीच.

आमचा कॉम्प्युटर धूळ काढून आणि नवी पेस्ट लावून त्याच दिवशी चालू झाला. साडेसहा हजार वाचले. पुढच्या बैठकीत अध्यक्षताईंनी सगळ्यांसमोर त्या मुलीला सांगितलं, "बाळा, चूक तुझी नव्हती." मैत्रिणींनो, यंत्र बंद पडलं की आधी माणसावर बोट दाखवायची आपली सवय आहे. पुढच्या वेळी बोट दाखवण्याआधी डब्याचं झाकण उघडून बघा.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार!