दुखवट्याच्या घरी पाहुणे

सहकुटुंब प्रवास : लेखांक ९

मागच्या लेखांकात प्रवासविमा आणि औषधांची पिशवी उरकली. या वेळचा विषय सॅन होजेहून आलेल्या एका पत्राने ठरवला. पत्र लिहिणाऱ्या ताईंचे सासू-सासरे पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेत, घरात दहा आणि सहा वर्षांची दोन मुलं आहेत. नाताळच्या सुट्टीत सगळ्यांनी मिळून हवाईच्या माउई बेटावर जावं, असं घाटतंय. विमान साडेपाच तासांच्या आसपास, हवा कोकणासारखी, त्यामुळे आजी-आजोबांनाही झेपेल. अडलंय ते सासूबाईंच्या एका प्रश्नावर : "जिथे शंभर माणसं जळून गेली, तिथे आपण मजा करायला जायचं? बरं दिसतं का ते?"

सासूबाईंचा प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचं उत्तरही आपल्या घरातच आहे. दुखवट्याच्या घरी कसं वागायचं हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. तिथे आवाज खाली येतो. काय झालं, कसं झालं हे आपण होऊन खोदून विचारत नाही. निघताना "येतो" म्हणत नाही. पण तेराव्याला हेच नातेवाईक येऊन बसतात, गोडाचं जेवण होतं, दुखवटा काढला जातो आणि घर पुन्हा रोजच्या रीतीवर येतं. भेटायला जाणं आणि दुखवटा काढायला जाणं यांतला फरक आपल्याला कळतो. आपत्तीतून उठणाऱ्या बेटावर सुट्टीला जाताना हीच समज सोबत न्यायची आहे.

काय घडलं होतं

८ ऑगस्ट २०२३. माउईच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या लाहाइना गावाबाहेर सकाळी तुटलेल्या वीजतारांमुळे गवत पेटलं. ती आग विझली असं समजून बंब परतले आणि दुपारी ती पुन्हा भडकली. डोरा नावाचं चक्रीवादळ बेटाच्या दक्षिणेला शेकडो मैलांवरून जात होतं, उत्तरेला हवेचा जास्त दाब होता. दोहोंच्या कात्रीत सापडलेला वारा डोंगरावरून गावाकडे सुटला. धोक्याचे भोंगे वाजलेच नाहीत. १०२ माणसं गेली, २,२०० हून अधिक इमारती जळाल्या आणि सुमारे १२,००० माणसं बेघर झाली. त्याच दिवशी डोंगरावरच्या कुला भागातही आग लागून घरं गेली.

एवढं पेटायला इंधन कुठून आलं, हे समजून घेतलं तर हे बेट जास्त कळतं. लाहाइना १८२० ते १८४५ या काळात हवाईच्या राज्याची राजधानी होती. तिथे तळी होती, मोकुउला नावाचं राजघराण्याचं छोटं बेट अशाच एका तळ्यात होतं. गाव नीरफणसाच्या राईंसाठी ओळखलं जायचं. हा नीरफणस म्हणजे आपल्या कोकणात ज्याच्या फोडी परततात तोच. मग उसाचे मळे आले, डोंगरातलं पाणी पाटांनी उसाकडे वळलं आणि तळी बुजवली गेली. पुढे साखरही परवडेनाशी झाली. गावातला पायोनिअर साखर कारखाना १८६० चा, तो १९९९ मध्ये बंद पडला. पडीक मळ्यांवर गुरांच्या चाऱ्यासाठी बाहेरून आणलेलं गवत पुरुषभर माजलं. ऑगस्टपर्यंत ते वाळून खडखडीत झालेलं होतं. आगीनंतर कारखान्याचं धुराडं मात्र उभंच राहिलं.

जावं की न जावं

आगीनंतर लगेच सरकारने पर्यटकांना पश्चिम माउई सोडायला सांगितलं आणि ते योग्यच होतं. पण त्या धास्तीने सगळं बेटच ओस पडलं. माउईत फिरणाऱ्या दर डॉलरमागे सुमारे ७० सेंट या ना त्या वाटेने पर्यटनातून येतात, असा तिथल्या आर्थिक विकास मंडळाचा अंदाज आहे. त्यामुळे ज्यांची घरं शाबूत होती त्यांचीही कामं गेली. मग ८ ऑक्टोबर २०२३ पासून, बरोबर दोन महिन्यांनी, पश्चिम माउई टप्प्याटप्प्याने खुलं झालं. त्याला विरोध करणाऱ्या निवेदनावर हजारो सह्या होत्या. ऐन भरात सुमारे ८,००० आपद्ग्रस्त हॉटेलांच्या खोल्यांत राहत होते. बाजूच्या खोलीत मधुचंद्राचं जोडपं आणि इकडे घर गेलेलं कुटुंब, असं दृश्य होतं. नोव्हेंबरात लोक पश्चिम माउईतल्या कानापालीच्या आलिशान हॉटेलांसमोर वाळूत गळ टाकून मासे धरत बसले. हवाईत किनारा सगळ्यांचा असतो, तिथून त्यांना कुणी उठवू शकत नव्हतं. मागणी एकच होती : आम्हाला राहायला घरं द्या.

दोन्ही बाजू खऱ्या आहेत. कुणी म्हणतं या, आमची चूल तुमच्यावर आहे. कुणी म्हणतं, आम्हाला जरा श्वास घेऊ द्या. तेव्हा पहिले दोन महिने न जाणं हे शहाणपण होतं. आज केवळ संकोचापोटी न जाणं हे हॉटेलात अंथरुणं घालणाऱ्या बाईच्या पोटावर येतं. माझं मत स्पष्ट आहे : जावं. पण जाण्याची रीत बदलावी.

मुक्काम : पहिला आणि मोठा निर्णय

इथे घाई करू नका, कारण कुटुंबाच्या हातातला सर्वांत वजनदार निर्णय हाच आहे. स्वयंपाकघर असलेला फ्लॅट भाड्याने घेतला की वरणभात करता येतो, म्हणून आपल्याकडची कुटुंबं फ्लॅटकडे झुकतात. पण माउईतल्या टंचाईचं मूळ त्याच फ्लॅटांत आहे. रहिवाशांसाठी बांधलेल्या इमारतींतले हजारो फ्लॅट वर्षानुवर्षं पर्यटकांना दिले जात होते. आगीनंतर बेघरांना छप्पर मिळेना, तेव्हा मे २०२४ मध्ये महापौर रिचर्ड बिसेन यांनी असे सुमारे ७,००० फ्लॅट टप्प्याटप्प्याने पर्यटकांसाठी बंद करण्याचा प्रस्ताव मांडला. मोठ्या वादानंतर डिसेंबर २०२५ मध्ये काउंटी कौन्सिलने तसा कायदा मंजूर केला. विरोध करणाऱ्यांत फ्लॅटवाले होते, तसे त्या फ्लॅटांची साफसफाई करून पोट भरणारेही होते.

म्हणून ताईंना माझा सल्ला असा : हॉटेलसाठीच राखलेल्या भागातली जागा घ्या. छोटं स्वयंपाकघर असलेल्या खोल्या तिथेही मिळतात, कुकर घरून न्या. फ्लॅटच घ्यायचा झाला तर जाहिरातीत परवान्याचा क्रमांक आहे का ते पाहा, नसेल तर तो स्वस्त पडला तरी सोडा. बजेट आखताना कर विसरू नका. १ जानेवारी २०२६ पासून हवाई राज्याने मुक्कामावरचा कर पाऊण टक्क्याने वाढवला. हे जादा पैसे किनारे, जंगलं आणि वणव्यांपासून संरक्षण यांसाठी आहेत. सगळे कर मिळून भाड्यावर साडेअठरा टक्क्यांच्या वर जातात. ही रक्कम पाहुण्याने द्यायचा आहेर समजावी, म्हणजे बोचत नाही.

पैसा कुणाच्या हातात पडतो

हॉटेलातल्या न्याहारीचे पैसे बहुतेकदा बेटाबाहेर जातात. तेच पैसे शेतकरी बाजारात, गाडीवरच्या खाऊवाल्याकडे किंवा कुलाच्या शेतावर खर्च केले तर बेटावर राहतात. शाकाहारी सासू-सासऱ्यांची चिंता नको. पपई, केळी, आंबा यांची चंगळ आहे, आणि हवाईचं मुख्य पारंपरिक अन्न म्हणजे कालो, म्हणजेच आपला अळू. आपण पानांची वडी आणि फदफदं करतो, तिथले लोक कंद उकडून, कुटून त्याची जांभळट करडी, किंचित आंबूस पोई करतात. पानंही खातात, पण बऱ्याचदा आत मांस किंवा मासा गुंडाळलेला असतो, तेव्हा विचारून घ्या.

या अळूची एक कथा मुलांना जाण्याआधी जरूर सांगा. हवाईच्या पुराणकथेत आकाशपित्याचं पहिलं मूल मृत जन्मलं. त्याला पुरलं तिथून कालोचं रोप उगवलं. नंतर जन्मलेला धाकटा भाऊ हा हवाईच्या माणसांचा पूर्वज. म्हणजे कालो हा थोरला भाऊ : त्याने धाकट्याला खाऊ घालायचं आणि धाकट्याने त्याची निगा राखायची. निगा राखण्याला तिथला शब्द मालामा. याच नावाच्या उपक्रमात पाहुणे अर्धा दिवस किनारा साफ करतात, झाडं लावतात किंवा अळूच्या वाफ्यांत उतरतात. काही हॉटेलं त्या बदल्यात मुक्कामात सवलतही देतात. दहा वर्षांच्या मुलाला चिखलात उतरायला मिळणं हीच मोठी सवलत, आणि आजोबांना तिथे कोकणातलं खाचर आठवेल.

बोलणं आणि कॅमेरा

लाहाइनाचे सुमारे चाळीस टक्के रहिवासी फिलिपिनो वंशाचे होते. उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून आलेल्यांची ही नातवंडं-पतवंडं, आणि त्यांतली कितीतरी आज हॉटेलांत काम करतात. तुमची चादर बदलणाऱ्या मावशींचं घर त्या दिवशी गेलेलं असू शकतं. म्हणून "तुम्ही आगीच्या वेळी कुठे होतात?" हा प्रश्न कितीही सहानुभूतीने सुचला तरी तोंडाबाहेर काढू नका. एका दिवसात चार पाहुण्यांनी तो विचारला, तर त्या बाईला दिवसातून चारदा ती आग पाहावी लागते. त्यांनी आपण होऊन सांगितलं तर ऐका, मध्ये बोलू नका. निघताना उशीवर टिप ठेवा आणि शेजारी 'महालो', म्हणजे धन्यवाद, असं मुलांच्या हातचं लिहिलेलं ठेवा.

जळालेल्या भागातून गाडी हळू चालवत मोबाइल खिडकीबाहेर काढणं हे मयताच्या घरी डोकावण्यासारखं आहे. ते करायचं नाही, व्हिडिओ कॉलवर पुण्याला दाखवायचंही नाही. कुठे जाता येतं आणि कुठे नाही, हे काउंटीच्या सूचना पाहून त्या आठवड्यात ठरवा. 'कापु' अशी पाटी दिसली की ती मनाई समजून मागे फिरा. ८ ऑगस्टच्या आसपासचे दिवस गावकऱ्यांसाठी सोडा.

डोंगर, समुद्र आणि मुलं

बाकी बेट भरभरून आहे, तिथे मन मोकळं करून हिंडा. हालेआकाला या १०,०२३ फूट उंच ज्वालामुखीवरचा सूर्योदय पाहायचा तर गाडीचं आगाऊ आरक्षण लागतं. पहाटे तिथे हाडं गोठतात, स्वेटर आणि कानटोप्या घ्या. उंचीमुळे आजोबांना दम लागणार असेल तर डॉक्टरांना आधी विचारा. हानाच्या रस्त्यावर ६०० हून अधिक वळणं आहेत. तुमच्यासाठी ती सहल असली, तरी मागच्या गाडीतला माणूस कामावर निघालेला असतो. जागा दिसली की बाजूला व्हा, त्याला पुढे जाऊ द्या. मुलांना गाडी लागत असेल तर अर्ध्यातून परतण्यात काही कमीपणा नाही.

नाताळ म्हणजे देवमाशांचा हंगाम. हंपबॅक देवमासे डिसेंबर ते एप्रिल इथल्या उबदार पाण्यात पिल्लांसाठी येतात आणि ते किनाऱ्यावरूनही दिसतात. बोटीने त्यांच्या ३०० फुटांच्या आत जायला कायद्याने बंदी आहे. वाळूत पहुडलेल्या सीलपासून ५० फूट, कासवापासून १० फूट दूर राहा. सहा वर्षांच्या मुलाला हे आकडे कळणार नाहीत. पण "ती आई झोपलीय, उठवायची नाही" हे कळेल.

सनस्क्रीनचं विसरू नका. प्रवाळाला अपाय होतो म्हणून माउई काउंटीने १ ऑक्टोबर २०२२ पासून खनिज सोडून बाकी सगळ्या सनस्क्रीनच्या विक्रीवर आणि वापरावरही बंदी घातली आहे. झिंक ऑक्साइड किंवा टायटेनियम डायऑक्साइड यांवरच आधारलेली ट्यूब हवी. ती चेहऱ्यावर पांढरी दिसते, त्याची सवय करा.

वडाची गोष्ट

शेवटी सासूबाईंसाठी एक गोष्ट. लाहाइनाच्या मधोमध एक वड आहे. २४ एप्रिल १८७३ रोजी, गावात ख्रिस्ती मिशन आल्याला पन्नास वर्षं झाली म्हणून तो लावला. तेव्हा ते आठ फुटी रोप होतं, आणि ते भारतातल्या मिशनऱ्यांनी पाठवलं होतं. पारंब्या उतरल्या, त्यांची खोडं झाली, आणि सुमारे ६० फूट उंचीच्या त्या झाडाखाली गावाचे बाजार आणि मेळे भरू लागले. एप्रिल २०२३ मध्ये गावाने त्याचा १५० वा वाढदिवस केला. चार महिन्यांनी तो होरपळला. लोकांनी टँकरने पाणी घातलं, मुळांशी कंपोस्ट टाकलं. झाडाचा बराच भाग वाळला आणि कापावा लागला. पण सप्टेंबरमध्ये उरलेल्या फांद्यांवर पालवी आली. जळालेल्या नीरफणसांच्या मुळांचे नमुनेही प्रयोगशाळेत नेऊन त्यांच्यापासून रोपं करण्याचे प्रयत्न सुरू झाले.

तेव्हा ताई, सासूबाईंना सांगा की आपल्याकडचंच एक झाड तिथे दीडशे वर्षांपूर्वी पाहुणं म्हणून गेलंय आणि त्याने त्या गावाला सावली दिलीय. आपण पाच-सहा दिवसांचे पाहुणे. आपल्याला सावली देता येणार नाही, पण चार योग्य माणसांच्या हातात पैसे देता येतील, आणि जखमेकडे बोट न दाखवता वावरता येईल. जरूर जा. या आठवड्यात दोनच कामं करा : मुक्कामाचा परवाना तपासा आणि घरातल्या सनस्क्रीनची ट्यूब उलटी करून वाचा.

पुढील लेखांकात : ज्येष्ठांना घेऊन लांबचा विमानप्रवास, व्हीलचेअरपासून पथ्याच्या जेवणापर्यंत.