अस्थींची साक्ष, वयाचा दाखला

अनोळखी मृताचा सांगाडा पंचनाम्यासह वैद्यकीय तज्ज्ञापुढे येतो, तेव्हा फौजदाराचा पहिला सवाल स्त्री की पुरुष हा असतो आणि दुसरा वयाचा. आणि या दुसऱ्याचे उत्तर मृत पंचविशीच्या आतला असेल तर जितके सुकर, तितकेच पन्नाशीपुढे ते दुष्कर होत जाते. वाढत्या वयात लांब हाडांची टोके कूर्चेच्या चकतीने दांड्यापासून अलग असतात. ही चकती ठरावीक क्रमाने अस्थिरूप पावते, कोपराशी आधी, गुडघ्याशी व मनगटाशी मागाहून, आणि गळ्याच्या हाडाचे छातीकडील टोक सर्वांच्या शेवटी, बहुधा पंचविशी उलटल्यावरच, पुरते सांधले जाते.

त्यापुढे उरते ती झीज, आणि झिजेला असा क्रम नसतो. ओटीपोटाखाली दोन्ही जघनास्थी समोरासमोर येतात, तेथील पृष्ठभाग हाती घेऊन निरखावा: विशीतल्या माणसाचा तो नुकत्याच नांगरलेल्या वावरासारखा आडव्या सऱ्यावरंब्यांचा दिसतो, मग सऱ्या बुजतात, कडेने कंगोरा उठतो, आणि उतारवयात सारा भाग सच्छिद्र व ओबडधोबड होतो. क्लीव्हलँडचे शरीररचनाशास्त्रज्ञ टॉड यांनी 1920 साली या स्थित्यंतराच्या दहा पायऱ्या लावून दिल्या; पुढील संशोधकांनी त्या सहांवर आणल्या.

परंतु पायरीवरून वर्ष वाचता येते काय? लंडनमधील स्पिटलफील्ड्स येथल्या ख्रिस्त चर्चचे तळघर 1984 ते 1986 या काळात उकलले, तेव्हा निघालेल्या सुमारे हजार मृतांपैकी पावणेचारशेंहून अधिकांची नावे व वये शवपेट्यांवरच्या धातूच्या पट्ट्यांनी शाबूत राखली होती. असा योग अस्थिशास्त्राला क्वचितच लाभतो. अस्थींवरून बांधलेले अंदाज त्या पट्ट्यांशी ताडून पाहता, खऱ्या वयाच्या पाच वर्षांच्या आत आलेले अंदाज तीस टक्केसुद्धा भरले नाहीत. शिवाय चाळिशीच्या आतील मंडळींना पद्धतीने वडीलपण बहाल केले होते आणि सत्तरी ओलांडलेल्यांची वर्षे कापून घेतली होती. पुरातन दफनभूमींत वृद्ध जवळजवळ नसतच, असे जे एके काळी ठामपणे सांगितले जाई, त्यात वृद्धांच्या अभावाचा वाटा किती आणि मोजमापाच्या खोटीचा किती, हा संशय तेव्हापासून बळावला, आणि माझ्या मते तो रास्त आहे.

तेव्हा प्रौढाच्या सांगाड्यावरून ‘वय वर्षे त्रेचाळीस’ असा नेमका आकडा कोणी लिहून देऊ लागला, तर न्यायाधीशाने त्याच्याकडे साशंकतेनेच पाहावे. ‘पस्तीस ते पंचावन्न’ असा सैल दिसणारा जबाब अधिक विश्वासार्ह असतो. जिवंत माणसाच्या बाबतीतही आपला कायदा हीच सावधगिरी बाळगतो. 2015 च्या बालन्याय कायद्याच्या कलम 94 अन्वये वयाचा वाद उपस्थित झाल्यास शाळेचा अथवा मॅट्रिकचा दाखला प्रथम, तो नसल्यास नगरपालिकेचा वा पंचायतीचा जन्मदाखला, आणि हे दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी, असा अनुक्रम आहे.