पाटीवरचे वॅट, मीटरवरचे वॅट

मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांवर गेला की मोठ्या रुग्णालयाच्या वीजबिलाचे खापर एसीवर फुटते. पण सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय किंवा सावंगी मेघेचे विनोबा भावे रुग्णालय अशा शेकडो खाटांच्या ठिकाणी सॉकेटला लागलेली यंत्रे मोजायला बसा, वही पुरणार नाही. संगणक, प्रिंटर, इन्फ्युजन पंप, सेंट्रिफ्यूज, रक्तपेढीचे फ्रीज, वॉटर कूलर, यूपीएस... इमारतीचा वीजहिशेब मांडताना दिवे, एसी, पंप, लिफ्ट यांचे आकडे नीट काढतात आणि ही सगळी यादी ‘इतर’ या रकान्यात अंदाजाने ढकलतात. माझ्या मते सर्वांत काळजीने भरायचा रकाना हाच.

यंत्रांच्या पाटीवरचे वॅट वाचून बेरीज केली तर ती हमखास फुगते. पाटी सांगते ती यंत्र जास्तीत जास्त किती वीज ओढेल याची मर्यादा. वायर आणि फ्यूज निवडायला ती हवीच. रोजचा वापर मात्र तिच्या बराच खाली असतो. समजा, २०० संगणक आहेत आणि प्रत्येकावर ३०० वॅट लिहिले आहे. बेरीज ६० किलोवॅट. प्रत्यक्षात स्क्रीनसकट एक संगणक ७० वॅटच्या आसपास घेतो आणि एका वेळी सत्तर टक्केच चालू असतात, असे धरले तर भार जेमतेम १० किलोवॅट.

या फरकाची किंमत दोनदा मोजावी लागते. यंत्राने घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी त्याच खोलीत उष्णता होऊन उरते. ६० किलोवॅट उष्णता काढायला सुमारे १७ टनांचा एसी लागेल, १० किलोवॅटला तीन टनही पुष्कळ. शिवाय महावितरणकडे करारित मागणी वाढवून घेतली की ती पूर्ण वापरली नाही तरी मागणी आकाराचा भुर्दंड बसतो.

उलट चूकही होते, आणि ती मला जास्त धोक्याची वाटते. कार्यालयाचे आठ तास धरून हिशेब केला की रात्र सुटते. तेच २०० संगणक रिकामे बसून ५० वॅट घेत राहिले, तर चौदा तासांत १४० युनिट जातात. रक्तपेढीच्या फ्रीजला तर सुट्टीच नाही. रक्त २ ते ६ अंशांत राहायलाच हवे. तिथे बचतीचा विचारही करू नये, फक्त चोवीस तासांचा भार प्रामाणिकपणे मांडावा.

म्हणून मोजायचे ते विभागवार. वितरण पेटीवर नोंद ठेवणारा मीटर लावून निदान एक पूर्ण आठवडा, रविवारसकट. एकाच प्रकारच्या यंत्रांपैकी थोडी निवडून मोजली तरी चालते, पण ऑटोक्लेव्हसारखी मोठी यंत्रे एकेक मोजावीत. त्यांचा हीटर मिनिटामिनिटाला चालू-बंद होतो आणि क्लॅम्प मीटरच्या एका वाचनाला अर्थ राहत नाही. कोणते यंत्र कधी चालते हे अभियंत्यापेक्षा वॉर्डातल्या सिस्टर आणि प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ जास्त खात्रीने सांगतात. त्यांना विचारल्याशिवाय वेळापत्रक लिहू नये.

विदर्भात आणखी एक पथ्य पाळायला हवे. जानेवारीतले मोजमाप मे महिन्याला लावू नये. तापलेल्या व्हरांड्यातल्या वॉटर कूलरचा कॉम्प्रेसर उन्हाळ्यात क्वचितच थांबतो, म्हणून तोच आठवडा उन्हाळ्यात पुन्हा मोजावा.