नालोक्सोन : बंद पडत चाललेला श्वास परत आणणारे औषध

धुळे शहरातून पांझरा ओलांडली की देवपूर लागते. तेथील एखाद्या वसाहतीत मध्यरात्री एखादा तरुण नशेत निपचित पडलेला आढळला, तर शेजारी १०८ किंवा ११२ हा क्रमांक फिरवतील. रुग्णवाहिकेआधी गस्तीवरील पोलीस पोहोचले, तर त्यांना काय करता येईल? या प्रश्नाचे एक उत्तर परदेशातील पोलीस दलांनी शोधले आहे. त्याचे नाव नालोक्सोन.

अफू, ब्राऊन शुगर, कोडीनयुक्त खोकल्याचे औषध आणि ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या ही सारी एकाच कुळातील द्रव्ये आहेत. मेंदूतील ठरावीक पेशींना ती चिकटतात आणि मात्रा अधिक झाल्यास श्वसनाचे नियंत्रण मंदावते. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, ओठ निळसर पडतात, हलवूनही माणूस जागा होत नाही. प्राणवायूअभावी काही मिनिटांतच मेंदूला इजा होते. नालोक्सोन या द्रव्यांना त्यांच्या जागेवरून हटवते आणि दोन-तीन मिनिटांत श्वास पूर्ववत होऊ लागतो. इंजेक्शनप्रमाणेच नाकात फवारूनही ते देता येते. त्यासाठी डॉक्टर असण्याची गरज नसते.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या क्विन्सी शहरातील पोलिसांनी २०१० पासून हे औषध गस्तीच्या गाडीत ठेवण्यास प्रारंभ केला. पुढे अनेक शहरांनी त्यांचे अनुकरण केले. प्रसंगी सर्वप्रथम हजर राहण्याची शक्यता असलेल्यांच्या हाती ते द्यावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये केली. २०२३ मध्ये अमेरिकेने नाकातील फवारा विनाचिठ्ठी विकण्यास मान्यता दिली.

मात्र त्याच्या मर्यादाही ध्यानात घ्यावयास हव्यात. औषधाचा प्रभाव साधारण अर्ध्या ते दीड तासात ओसरतो आणि श्वास पुन्हा मंदावू शकतो. म्हणून रुग्णाला रुग्णालयात नेणे अनिवार्य ठरते. शिवाय धुळे-मालेगाव पट्ट्यात ‘कुत्ता गोळी’ या नावाने ओळखली जाणारी अल्प्राझोलामची गोळी निराळ्या कुळातील असल्याने तिच्यावर नालोक्सोन निष्प्रभ ठरते. अर्थात, नशा कशाची हे ठाऊक नसताना ते दिले, तर सहसा अपाय होत नाही.

आपल्याकडे परिस्थिती काय आहे? एम्सच्या २०१९ मधील राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे २ कोटी २६ लाख लोक अफूजन्य वा तत्सम द्रव्यांचे सेवन करतात. नालोक्सोनचे इंजेक्शन राष्ट्रीय अत्यावश्यक औषध सूचीत आहे. परंतु त्याचा वापर मुख्यत्वे रुग्णालयांपुरता सीमित आहे.

याहून बिकट अडसर भीतीचा आहे. अमली पदार्थविरोधी १९८५ च्या कायद्यात सेवन हादेखील गुन्हा आहे. स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला कलम ६४-अ काही अटींवर संरक्षण देते. पण मदतीसाठी फोन करणाऱ्या साथीदाराला तसे अभय नाही. अपघातग्रस्ताला साहाय्य करणाऱ्यास मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षण दिले, ते येथे लागू होत नाही. परिणामी, सोबतचे मित्रच पळ काढतात आणि मोलाची मिनिटे वाया जातात.

पोलिसांच्या गाडीत औषधाची कुपी आली, तरी त्यांना बोलावण्याचे धैर्य लोकांत नसेल, तर तिचा उपयोग तो काय? औषध आणि कायदेशीर अभय या दोन्ही गोष्टी एकत्रच यावयास हव्यात. तोवर नागरिकांनी एवढे तरी करावे : बेशुद्ध व्यक्तीला कुशीवर वळवावे, श्वास पाहत राहावे आणि १०८ ला विनाविलंब कळवावे.