3 एचपी आणि 140 फूट

सिन्नरच्या पूर्वेकडच्या कोरडवाहू पट्ट्यात बांधाला बांध लागून दोन विहिरी आहेत. दोन्हींवर 3 एचपीचा सोलर, प्लेटा तेवढ्याच, ऊनही एकच. तरी सकाळी एकीच्या पाइपातून मनगटाएवढी धार पडत होती, दुसरीची मोटर नुसतीच घुमत होती. असं का, हे विचारत फिरताना सोलर बसवणारा एक फिटर भेटला. म्हणाला, "मोजायलाच चला माझ्यासंगं."

ज्या शेतकऱ्याकडे मोजायचं होतं, त्याचं रान दोन एकर. फिटरने दोरीला दगड बांधून विहिरीत सोडला, वर ओढला आणि ओल कुठवर आली ते बोटांनी चाचपलं. पाणी 30 फुटांवर. शेतकरी म्हणाला, "घ्या लिहून." फिटरने लिहिलं नाही. ओट्यावर शेंगा निवडत बसलेल्या म्हातारीला विचारलं, "आजी, मे महिन्यात पाणी कुठवर जातं?"

"शेवटच्या पायरीच्या खाली जातं बाबा. दोन हात."

त्याने पायऱ्या मोजल्या आणि 45 लिहिलं. टाकी टेकाडावर, विहिरीच्या काठापासून 80 फूट उंच. लांबलचक पाइपात पाणी घासत जातं, त्याचे 15 धरले. एकूण 140 फूट.

मला त्या आजीचं फार कौतुक वाटलं. दोरीने जे सांगितलं नसतं, ते तिला ठाऊक होतं.

'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत एचपी ठरतो सातबाऱ्यावर. अडीच एकरापर्यंत 3, पाच एकरापर्यंत 5, त्यापुढे साडेसात. शेतकऱ्याचा हिस्सा 10 टक्के, अनुसूचित जाती-जमातींना 5. रात्रीच्या लाइटीला बिबट्याच्या भीतीने बॅटरी घेऊन पाणी भरणाऱ्याला ही योजना वरदानच. पण जमीन किती, यावरून पाणी किती उंच चढवायचं ते कसं कळणार?

हिशेब फिटरने पाइपावरच खडूने मांडला. एका युनिटात, काहीच वाया गेलं नाही तर, साडेआठ हजार लिटर पाणी 140 फूट चढेल. मोटर-पंपात निम्म्याहून जास्त जातं, हाती उरतात चार हजार. दोन एकर ठिबकवरचे उन्हाळी टोमॅटो, गुरं आणि घर मिळून शेतकऱ्याला रोज 60 हजार लिटर हवेत. म्हणजे 15 युनिट. (विहिरीला तेवढा झरा आहे का, हा आणखी वेगळा प्रश्न.) 3 किलोवॅटच्या प्लेटा चांगल्या उन्हात देतात साधारण 12. पाणी 48 हजार.

"आणि सकाळचं कोवळं ऊन?" मी विचारलं. पाइपाच्या सांध्याला सोल्युशन लावता लावता तो सांगू लागला. तो उग्र वास अजून नाकात आहे. मोटरीचा वेग निम्मा झाला, तर पाणी चढवायची ताकद पावच उरते. पाणी एकूण 40 फूटच चढवायचं असेल तर सकाळीही धार पडते. 140 फुटांवर ऊन तापेपर्यंत मोटर घुमते, पाणी मात्र मध्येच अडतं. बांधाला बांध असलेल्या त्या दोन विहिरींचं कोडं एवढंच होतं. एकीची टाकी खाली, दुसरीची टेकाडावर.

शेतकरी विचारात पडला. फिटरने तोड सुचवली: टाकी टेकाडाच्या निम्म्यावर आणा. 140 चे 100 होतील आणि त्याच प्लेटांवर 60 हजारांची गरज भागेल. ठिबकला तेवढी उंची पुरते.

अर्ज भरणाऱ्यांनो, हिस्सा भरण्याआधी मे महिन्यातलं पाणी आणि टाकीची उंची एका कागदावर लिहा आणि पाहणीला येणाऱ्याच्या हातात द्या. तो विचारेलच असं नाही.