बर्फाच्या कडेचा रहिवासी

कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वतात, साधारण ३००० मीटरहून उंच, उन्हाळ्यातही जेथे बर्फाचे पट्टे टिकून राहतात, तेथे नेब्रिया इन्जेन्स आणि नेब्रिया रिव्हर्साय या काळ्या, चपळ भुंगेऱ्यांचा मुक्काम असतो. त्यांच्याविषयीच्या काही समजुती तपासून पाहण्याजोग्या आहेत.

गैरसमज : बर्फावर कीटकाला जगणे अशक्य.
वस्तुस्थिती : दिवसा दगडांच्या सांदीत दडून राहिलेला हा भुंगेरा, पारा शून्याच्या आसपास उतरल्यावर, रात्री बर्फावर निघतो, आणि खालच्या दऱ्यांतून वाऱ्याने उडत येऊन गारठ्याने निश्चेष्ट पडलेले कीटक हेच त्याचे भक्ष्य असते. वाऱ्याने आणलेल्या अशा अन्नावर पोसणाऱ्या हिमालयीन कीटकांचे वर्णन एम. एस. मणी यांनीही १९६८ च्या आपल्या ग्रंथात केलेले आहे.

गैरसमज : दगडाखालचा काळा भुंगेरा म्हणजे हाच.
वस्तुस्थिती : केवळ रंगाच्या दाखल्यावर निवाडा होत नाही. पिठात होणाऱ्या तांबड्या भुंगेऱ्याच्या कुळातही काळे, दगडाआड राहणारे कीटक आहेत. भिंगाखाली पाहावे : त्या कुळात मागच्या पावलाला चार सांधे असतात, नेब्रियाच्या सहाही पावलांना पाच. शिवाय नेब्रियाच्या डोक्यामागची ढाल हृदयाकृती, मागे निमुळती असते, आणि मागच्या पायांची खुब्याची तकटे पोटाच्या पहिल्या वलयाला दुभागतात.

गैरसमज : उंची हाच त्याचा पत्ता.
वस्तुस्थिती : याच प्रजातीतला नेब्रिया ब्रेव्हिकॉलिस युरोपच्या सखल वनांत आणि बागांत राहतो, व उन्हाळा निद्रेत काढतो. सिएरातल्या या दोन जातींना हवा असतो तो गारवा आणि त्याच्या जोडीला ओल. म्हणून कोरड्या कातळावर कितीही उंच शोध घेतला तरी निराशाच पदरी येते, आणि वितळत्या बर्फाच्या कडेचा किंवा त्यातून झिरपणाऱ्या ओहोळाकाठचा दगड उचलला, तर भेटीचा संभव असतो.

गैरसमज : जागा गैरसोयीची झाली, तर तो उडून जाईल.
वस्तुस्थिती : या जातींना उडता येत नाही. बर्फाची कड वर सरकली, की त्यांनाही पायीच वर सरकावे लागते. सबब नमुन्याच्या चिठ्ठीवर केवळ उंची टिपून भागत नाही. त्या दिवशी बर्फाची कड किती पावलांवर होती, हेही लिहावे, कारण पुढच्या शोधकाला ती तेथेच सापडेल असे नाही.