सुप्याची हिरवाई कागदावर का काळवंडते?

काळी आणि पांढरी नद्यांच्या संगमावरचे जुने सुपा १९८०च्या दशकात धरणाच्या पाण्याखाली गेले. विस्थापितांपैकी अनेक कुटुंबे रामनगरला वसली. अशा घरात त्या जलाशयाचे छायाचित्र भिंतीवर लावायचे, तर ते चांगलेच उमटायला हवे. परंतु मोबाइलवर हिरवेगार दिसणारे जोयड्याचे रान घरच्या प्रिंटरमधून मळकट होऊन बाहेर पडते.

दोष बहुधा यंत्राचा नसतो. पडदा प्रकाशाने रंग दाखवतो, कागद शाईने. काही झळझळीत हिरव्या छटा शाईला साधतच नाहीत. पडद्याचा उजेड कमी करून चित्र पाहावे आणि अंधारे वाटल्यास छापण्यापूर्वी उजळावे.

खरी गफलत कागदाच्या निवडीत होते. चकचकीत फोटो पेपर घातला, तरी सेटिंगमध्ये ‘साधा कागद’ तसाच राहतो आणि शाईचे प्रमाण त्यावरूनच ठरते. ६ बाय ४ इंचांच्या रेखीव प्रतीसाठी १८०० बाय १२०० पिक्सेल पुरतात. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेले चित्र मात्र आक्रसलेले असते. मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावी. आपल्याकडच्या पावसाळ्यात उघडा कागद ओल धरतो, म्हणून पाकीट बंदच ठेवावे. छापलेली प्रतही काचेआड बसवण्यापूर्वी दिवसभर सुकू द्यावी.

बुडालेल्या गावाचे जुने छायाचित्र कोणाकडे असेल, तर ते ६०० डीपीआयवर स्कॅन करावे. मूळ प्रत कोरड्या कपाटात ठेवून भिंतीवर नक्कल लावावी. ती विटली तर दुसरी काढता येते.